न छापलेल्या फोटोंचा खर्च

प्रश्न : आमचं घर सुदामानगरमध्ये. घरात सहा माणसं, चार मोबाइल, त्यांत हजारो फोटो. कागदावर मात्र एकही नाही. सासरे ८१ वर्षांचे आहेत. मोबाइलवरचं त्यांना नीट दिसत नाही, काच चमकते म्हणतात. फोटो हातात धरून बघायचा असतो त्यांना. मुलगा सातवीत आहे, शाळेच्या प्रोजेक्टसाठी दर आठवड्याला काही ना काही छापून लागतं. यजमान सिल्व्हर मॉलमध्ये चौकशी करून आले. सहा रंगांचा इंक टँक फोटो प्रिंटर २३,००० रुपये; चार रंगांचा साधा, स्कॅनरसकट, १३,०००; आणि मुलीला आवडलेला छोटा रिबनवाला १२,०००. सहा रंगांच्या शाईची बाटली ६५० रुपयांना एक, आणि दुकानदार म्हणतो सहा बाटल्यांत १,८०० फोटो निघतात. चार बाय सहाचा चांगला फोटो पेपर ५ रुपयांना एक पडतो. रिबनवाल्याचं १०८ फोटोंचं पॅकेट २,७०० रुपये. सासूबाई म्हणतात, काहीही घेऊ नका, लॅबमध्ये १२ रुपयांत फोटो मिळतो. आम्ही वर्षाला फार तर ३०० फोटो छापू. कोणाचं ऐकू?
— एक सून, इंदूर

उत्तर : ताई, पत्र लिहावं तर असं. एरवी माझ्याकडे 'चांगला प्रिंटर सुचवा' एवढ्या एका ओळीची पत्रं येतात, आणि मग मी ज्योतिषासारखा अंदाज बांधत बसतो. तुम्ही वर्षाला किती फोटो छापणार ते लिहिलंत, निम्मं उत्तर तिथेच आलं. फोटोंपुरतं सासूबाईंचं ऐका. पण नुसतं एवढंच छापलं तर तुमचे यजमान मासिकाची वर्गणी बंद करतील, म्हणून सगळं मांडून दाखवतो.

तुमचेच आकडे घेऊ. सहा बाटल्यांचे ३,९०० रुपये, भागिले १,८००. फोटोमागे शाई २ रुपये १७ पैसे. कागद ५ रुपये. म्हणजे फोटो पडला ७ रुपये १७ पैशांना, लॅबपेक्षा ४ रुपये ८३ पैसे स्वस्त. इथेच माणूस फसतो. 'अर्ध्या भावात फोटो' म्हणत खोकं घरी आणतो. आता ३०० ने गुणा : वर्षाला वाचले १,४४९ रुपये. प्रिंटरचे २३,००० वसूल व्हायला जवळपास १६ वर्षं. तुमचा सातवीतला मुलगा तोवर २८ वर्षांचा होईल, आणि प्रिंटर तोवर चालेल अशी पैज मी तरी लावणार नाही. हाच प्रिंटर वर्षाला दीड हजार फोटो छापणाऱ्याने घेतला तर सव्वातीन वर्षांत फिटतो. त्याच्यासाठी ही चांगली वस्तू आहे. तुमच्यासाठी नाही.

आणि हा हिशेब मी दुकानदाराच्या बाजूने केला. त्याने सांगितलेले १,८०० फोटो म्हणजे एकामागून एक, न थांबता छापलेले. घरात असं होत नाही. घरात दिवाळीला ६० छापतात, मग लग्नसराईपर्यंत प्रिंटरवर रुमाल. शाईच्या प्रिंटरला छापायला जेवढा खर्च येतो, तेवढाच न छापायलाही येतो. तो कुठल्याच खोक्यावर लिहिलेला नसतो.

माझंच सांगतो. राजवाड्याच्या मागच्या बोळात माझा स्टुडिओ होता, ३१ वर्षं. डेव्हलपर, हायपो, लाल दिवा यांत आयुष्य गेलं. स्टुडिओ बंद केल्यावर हौसेने सहा रंगांचा टँकवाला प्रिंटर घरी आणला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चूक माझीच. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये लेकीकडे पुण्याला गेलो तो जून संपताना परतलो. निघताना घरातले गॅस, नळ, बटणं बघतो तशी प्रिंटरचीही भिंतीवरची बटणं खटाखट बंद केली. वीज वाचवली म्हणून मनाशी खूशही झालो.

परत आल्यावर नातीचा फोटो छापायला घेतला. चेहरा केशरी, त्यावर आडवे पांढरे पट्टे. नोझल चेकचं, म्हणजे शाईची भोकं तपासायचं पान काढलं. त्यावर प्रत्येक रंगाच्या बारीक रेघांची पायऱ्यापायऱ्यांची जाळी छापून येते. निळ्याची जाळी माझ्या दातांसारखी निघाली, मधे-मधे खिंडारं. हेड क्लीनिंग केलं, म्हणजे शाई फवारणारा भाग प्रिंटरकडूनच साफ करवला. निळा थोडा आला, तर फिकट गुलाबी गेला. पुन्हा केलं. सात वेळा केलं. दर वेळी प्रिंटर पोटातून गुरगुरतो आणि टाकीतली पातळी केसभर खाली जाते, ती डोळ्यांना दिसते. ही शाई कागदावर येत नाही, प्रिंटरच्या तळाशी असलेल्या स्पंजमध्ये जाते. त्या स्पंजचीही आत मोजदाद चाललेली असते. भरला की प्रिंटर सरळ छापायचंच बंद करतो. शेवटी मेकॅनिक आला, हेड काढून धुतलं, १,८०० रुपये घेतले. क्लीनिंगमध्ये गेलेली शाई धरली तर २,६०० चा फटका. त्या अडीच महिन्यांत मी छापलेले फोटो : शून्य.

कारण साधं आहे. शाईत मुख्यतः पाणी असतं आणि हेडची भोकं केसापेक्षाही बारीक. प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड एका कोपऱ्यात जातं आणि खालून रबरी टोपी त्यावर बसते. भिंतीवरून वीज तोडली आणि हेड त्या वेळी वाटेत कुठे असलं, तर ते उघडंच राहतं. त्यात आमच्या माळव्यातला मे महिना. रात्री गच्चीवर वाळत घातलेला टॉवेल तासाभरात कडक होतो, तिथे शाईच्या थेंबाची काय कथा! ज्यांच्याकडे इंक टँक आहे त्यांनी दोनच गोष्टी पाळाव्यात : आधी प्रिंटरचं बटण, मग भिंतीचं, आणि दर आठवड्याला एक रंगीत पान, मग ते भाजीच्या यादीचं का असेना.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दलही बोलून घेतो, कारण यजमान तिथेच अडकलेत असं वाटतं. '७,५०० रंगीत पानं' असं काहीतरी मोठ्या अक्षरांत असतं. तो आकडा खोटा नसतो. आयएसओ २४७१२ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरवून दिलेली पानं छापून तो काढतात. पण त्या पानांवर मजकूर, आलेख, लहान चित्रं आणि भरपूर कोरी जागा असते. फोटो कडेपासून कडेपर्यंत रंगाने भरलेला. पानांच्या आकड्यावरून फोटोंचा अंदाज बांधणं म्हणजे फुलक्यांच्या हिशेबाने पुरणपोळ्यांची कणीक मळणं. दुकानात विचारायचं ते 'चार बाय सहाचे किती?' एवढंच. तुमच्या दुकानदाराने ते आपणहून सांगितलं, माणूस बरा दिसतो.

शिवाय सहा बाटल्या सारख्या संपत नाहीत. फिकट निळा आणि फिकट गुलाबी आधी जातात, कारण आकाश आणि माणसांची कातडी त्यांतूनच बनते. रंगपंचमीच्या गेरचे, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचे, ८० फोटो मी एका बैठकीत छापले होते. राजवाड्यासमोर गुलालाच्या तोफा उडताना काढलेले. पिवळा जवळपास तसाच राहिला आणि गुलाबीची टाकी तळाला गेली. एवढं करून तो झगझगीत गुलाबी काही उतरला नाहीच. मोबाइलच्या पडद्यावर रंग प्रकाशाने दिसतो, कागदावर शाईने. काही रंग शाईच्या हातात नसतात. तेव्हा प्रिंटरवर न चिडता फोटो तसाच लावायचा.

आता मुलीचा रिबनवाला. याला डाय सब्लिमेशन म्हणतात, कॅननचा 'सेल्फी' हा त्यातला सर्वांच्या माहितीचा. त्यात पातळ शाई नसतेच. रिबनवरचा कोरडा रंग उष्णतेने कागदात उतरतो. कागद एकदा पिवळा होऊन बाहेर डोकावतो, आत जातो, मग गुलाबी, मग निळा, आणि चौथ्या फेरीत वरून पारदर्शक थर. मिनिटभराच्या आत फोटो हातात. मुलांना हे बघायला इतकं आवडतं की फोटो कोणाचा आहे याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं. वरच्या थरामुळे पाण्याचा थेंब पडला तरी पसरत नाही. तुमच्या आकड्यांनी एक फोटो बरोबर २५ रुपयांना, लॅबच्या दुपटीहून महाग. म्हणजे हा कधीच वसूल होणार नाही, आणि ते पहिल्या दिवसापासून माहीत असतं. हा त्याचा प्रामाणिकपणा. सहा महिने कपाटात ठेवा, काढा, छापा : पुन्हा २५च रुपये. वाळायला आत काही नाही. वर्षाला ३०-४० फोटो छापणाऱ्याला मी डोळे मिटून हाच सांगतो. घ्यायचा ठरवलात तर यंत्राआधी कागदाचं पॅकेट इंदुरात मिळतंय का ते बघा, कारण रिबन आणि कागद जोडीनेच येतात. दुसऱ्या कुठल्या कागदावर भागत नाही. आणि संपलेली रिबन उलगडून बघा एकदा. तिच्यावर तुम्ही छापलेला एकेक फोटो उलट्या रंगांत उमटलेला असतो. कचऱ्याच्या गाडीत टाकण्याआधी कात्रीने तुकडे करा.

मग तुम्ही काय घ्यावं? चार रंगांचा १३,००० वाला, तोही फोटोंसाठी नाही, मुलाच्या शाळेसाठी. दर आठवड्याला प्रोजेक्ट छापून घेणारा सातवीतला मुलगा घरात असणं, ही इंक टँकसाठी देवाने केलेली सोय आहे. त्याच्या नकाशांनी आणि पानाफुलांच्या चित्रांनी नोझल आपोआप चालू राहतील. आधार कार्डाची झेरॉक्सही घरीच होईल. त्यात फोटो निघतात का? निघतात. चार रंगांत फिकट छटा ठिपके विरळ करून काढाव्या लागतात, म्हणून गालावर, आकाशात बारीक रवा दिसतो, तोही चष्मा लावून जवळ धरलं तर. प्रोजेक्टच्या कागदावर आणि फ्रिजच्या दारावर चालतो. फक्त छापताना पडद्यावर उघडणाऱ्या प्रिंटरच्या खिडकीत कागदाचा प्रकार 'प्लेन'वरून 'ग्लॉसी' करायला विसरू नका. दहांतल्या सात घरांत 'फोटो पेपर भिकार निघाला' ही तक्रार या एका खुणेची असते. स्वस्तातला कागद मिळतो, पण तो भिंतीवर लावू नका. एकच फोटो मी अल्बममध्ये ठेवला आणि एक खिडकीजवळ टाचणीने लावला. वर्षभराने खिडकीजवळच्याचा निळा उडून सगळी मंडळी कावीळ झाल्यासारखी दिसायला लागली.

अल्बमचे फोटो लॅबमध्येच करा. तिथे अजून कागदावर प्रकाश टाकून रसायनात धुतलेला खरा फोटो मिळू शकतो. 'शकतो' म्हणतो, कारण पुष्कळ लॅबवाल्यांनीही आता शाईची यंत्रं लावली आहेत. त्याला ते 'ड्राय' म्हणतात. विचारा, सांगतात. इंदुरात बसून फोटोच्या टिकण्याची चर्चा करताना मला जुने छायाचित्रकार लाला दीनदयाळ आठवतात. १८६६ मध्ये ते इथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले, १८७४ मध्ये कॅमेरा हातात घेतला, आणि त्यांनी काढलेले फोटो आजही संग्रहालयांतून बघायला मिळतात. आपल्या मोबाइलमधल्या फोटोंना दोन फोन बदलेपर्यंतचंही आयुष्य नसतं.

राहिले सासरे. खरं तर तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ त्यांची. त्यांना चमक नको आहे ना? मग ग्लॉसी फोटो देऊन मोबाइलची काचच पुन्हा त्यांच्या हातात देऊ नका. लॅबमध्ये 'मॅट' सांगा. आकार चार बाय सहा नको, पाच बाय सात घ्या, आणि फोटोत माणसं कमी : सगळ्या लग्नाचा ग्रुप नको, दोघं-तिघं, चेहरे मोठे. महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा-बारा फोटो पेन ड्राइव्हवर घालून द्या. पाठीवर नावं लिहा, पण बॉलपेनने नाही. दाबून लिहिलेलं पुढे चेहऱ्यावर उमटतं. बारीक टोकाचा परमनंट मार्कर घ्या आणि मिनिटभर वाळू द्या, नाहीतर खालच्या फोटोवर उलटी नावं येतील. माझ्या वडिलांना शेवटी-शेवटी मी असेच फोटो द्यायचो. सदऱ्याच्या खिशात ठेवायचे, कोपरे मऊ होईपर्यंत. कोपरे फारच गेले की मी पुन्हा काढून आणायचो.

प्रश्न : भाचीच्या साखरपुड्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. मोबाइलवर सुरेख दिसतो, पण १२ बाय १८ करून आणला तर चेहरे पुसट, शिवाय कडेच्या काकांचं अर्धं डोकं गायब. लॅबची चूक की प्रिंटरची?
— एक वाचक, देवास

उत्तर : दोघांचीही नाही. व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान करतं, लांब बाजूला साधारण १,६०० ठिपके उरतात. सहा इंचांत १,६०० म्हणजे इंचाला २६६. हातात धरायच्या फोटोला ३०० असले की उत्तम, तेव्हा चार बाय सहा झकास निघतो. तेच १,६०० अठरा इंचांवर ताणले की इंचाला ९० सुद्धा उरत नाहीत. कोणतंही यंत्र नसलेलं नाक-डोळे कुठून आणणार? भाचीला सांगा, फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. मग मूळ फाइल जशीच्या तशी येते.

काकांचं डोकं हा वेगळा मामला. बहुतेक मोबाइल ४:३ या प्रमाणात फोटो काढतात आणि १२ बाय १८ किंवा ४ बाय ६ कागद ३:२ चा. कागद पूर्ण भरायचा तर फोटोच्या उंचीतला नववा हिस्सा कापावा लागतो. यंत्राला काका आणि पंखा यांतला फरक कळत नाही. छापायला देण्याआधी मोबाइलमध्येच ३:२ ला कापून बघा, म्हणजे कोणाला वगळायचं ते तुमच्या हातात. नाहीतर लॅबवाल्याला 'पांढरी कड चालेल, कापू नका' सांगा.

प्रश्न : ऑफिसमध्ये रंगीत लेझर प्रिंटर आहे. घरचा चकचकीत फोटो पेपर नेऊन त्यात चार फोटो काढले तर? पासपोर्ट फोटोही हवे आहेत.
— एक वाचक, महू

उत्तर : अजिबात नको. लेझर प्रिंटरमध्ये भुकटी कागदावर चिकटवायला तापलेला रूळ असतो, जवळपास २०० अंशांचा. शाईच्या प्रिंटरसाठी बनवलेल्या फोटो पेपरवरचा लेप त्या रुळावर वितळून बसतो. मग फोटो राहिला बाजूला, साहेबांना काय सांगायचं ते ठरवत बसाल.

पासपोर्ट फोटोची मात्र एक सोपी युक्ती सांगतो. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो एका चार बाय सहाच्या कागदावर बसतात, एका ओळीत चार, अशा दोन ओळी. पांढऱ्या भिंतीसमोर, दिवसाच्या उजेडात, भिंतीपासून दोन हात पुढे उभं राहून फोटो काढा, म्हणजे मागे सावली पडत नाही. आठ प्रती एका फाइलमध्ये मांडा आणि लॅबमध्ये एक साधा फोटो म्हणून छापून आणा. एका फोटोच्या पैशांत आठ. कापायला कात्री नको, स्टीलची पट्टी आणि नवीन ब्लेड घ्या; कात्रीने कापलेला पासपोर्ट फोटो खिडकीमागचा कारकून लांबूनच ओळखतो.